नोंदवहीतला शेवटचा रकाना

बँकेतून निवृत्त होऊन तीन वर्षे झाली तरी रकाने आखलेली वही दिसली की माझा हात आपोआप पेनाकडे जातो. हे ठाऊक असल्यामुळेच बहुधा माझ्या एका जुन्या मैत्रिणीने मला फेब्रुवारीत विचारले, की फिरत्या दवाखान्यावर नोंदणी करणारी मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली आहे, तर तू सहा दिवस गाडीबरोबर फिरशील का. नागपुरातील एका धर्मादाय संस्थेची ही गाडी शहराच्या कडेच्या वस्त्यांमध्ये आणि जिल्ह्यातील दूरच्या गावांमध्ये ठरलेल्या वारी जाते. मी होकार दिला. आजारी माणसांना औषध देणारी गाडी असेल, एवढीच माझी तोपर्यंतची समजूत होती.

ती समजूत निघण्याच्या आदल्या संध्याकाळीच डॉक्टरबाईंनी दुरुस्त केली. ही गाडी ताप-खोकल्यालाही गोळी देते, पण तिचे मुख्य काम ज्यांना काहीच होत नाही असे वाटते त्यांना तपासणे हे आहे. रक्तदाब, रक्तातील साखर, हिमोग्लोबिन, सिकलसेल, तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची प्राथमिक तपासणी, लहान मुलांची वाढ आणि गरोदर बायकांची देखरेख असा तिचा व्याप आहे. त्यांनी माझ्या हाती नोंदवही दिली. तिच्यात नाव, वय, व्यवसाय, तपासण्या आणि शेरा यांनंतर अगदी उजवीकडे एक अरुंद रकाना होता आणि त्यावर ‘पुढील भेट’ असे लिहिले होते. मागची पाने चाळताना माझ्या लक्षात आले, की बाकीचे रकाने भरगच्च आहेत आणि हा रकाना मात्र जागोजागी कोरा आहे. खाते उघडले आणि नंतर त्यात व्यवहारच झाला नाही, तर बँकेत आम्ही त्याला जे म्हणत असू, ते मी त्यांच्यासमोर बोलले नाही.

सोमवार : कामठीच्या अलीकडे

सकाळी सात वाजता आम्ही सक्करदऱ्याहून निघालो. गाडी म्हणजे आतून बदललेली मिनीबस आहे. चालकाच्या मागे माझे टेबल, त्यामागे रक्त तपासण्याची फळी आणि औषधांची कपाटे, आणि सर्वांत मागे पडदा व दार असलेली तपासणीची खोली. गाडीच्या बाजूला दोऱ्यांनी ताणायची ताडपत्री आहे, कारण गर्दी बाहेरच बसते. सुया टाकायचा पांढरा डबा, रक्ताने भिजलेल्या कापसाची पिवळी पिशवी आणि नळ्या-हातमोज्यांची लाल पिशवी सीटखाली पट्ट्याने बांधलेली होती. गावात कचरा सोडून यायचे नाही, हा गाडीचा पहिला नियम असल्याचे तंत्रज्ञाने मला सांगितले.

कामठीच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडून आत वळल्यावर वीटभट्ट्या लागतात. येथील मजूर दिवाळीनंतर बालाघाट, छिंदवाडा किंवा छत्तीसगडातून कुटुंबासह येतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात. सपाट प्रदेशात ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि ३०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा सरकारी निकष आहे. पण वीटभट्टी कोणत्याच गावाच्या लोकसंख्येत मोजली जात नाही. जवळच्या गावातील आशाताईकडे घरांची यादी असते, भट्टीवरच्या झोपड्यांची नसते. त्या झोपड्या दरवर्षी नव्याने उभ्या राहतात आणि त्यांतली माणसेही दरवर्षी तीच असतील असे नाही.

विटा पाथण्याचे काम पहाटे तीन-चार वाजता सुरू होते. त्यामुळे आम्ही पोहोचलो तेव्हा एक पाळी संपत आली होती आणि बायका स्वयंपाकाला लागल्या होत्या. मुकादमाने एका वेळी पाचच जण सोडायचे कबूल केले. नोंदणी करताना मला पहिला धक्का वयाच्या रकान्याने दिला, कारण निम्म्या बायकांनी आपले वय मलाच विचारले. लहान मुलांच्या दंडाला डॉक्टरबाई एक रंगीत फीत गुंडाळत होत्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर फीत लाल पट्ट्यात जाते आणि तीव्र कुपोषण समजले जाते. साडेअकरा ते साडेबारापर्यंत पिवळा पट्टा. सतरा मुलांपैकी चार पिवळ्यात होती आणि एक मुलगी लाल पट्ट्याच्या अगदी काठावर होती. लसीकरणाचे कार्ड मागितले, तर तिची आई म्हणाली, “कार्ड तो गाँव में है.” हेच वाक्य मी त्या सकाळी नऊ वेळा ऐकले. शेवटी डॉक्टरबाईंनी उपकेंद्राच्या सिस्टरना फोन लावला आणि बुधवारी त्यांनी लस घेऊन भट्टीवर यावे असे ठरले.

एका पाच महिन्यांच्या गरोदर बाईचे हिमोग्लोबिन ७.८ निघाले. गरोदरपणात ते किमान ११ असावे लागते. तिला लोहाच्या लाल गोळ्या दिल्या, त्या चहाबरोबर घेऊ नकोस, लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घे, असे सांगितले, आणि गोळ्यांनी शौचाला काळे होते, त्याला भिऊन गोळ्या सोडू नकोस, हेही सांगितले. हे शेवटचे वाक्य मला अनावश्यक वाटले होते. पण पुढच्या पाच दिवसांत गोळ्या सोडण्याचे हेच कारण मी इतक्यांदा लिहून घेतले, की माझे मत बदलले.

संध्याकाळी परतताना मी डॉक्टरबाईंना १९९१ मध्ये सुरू झालेल्या ‘लाइफलाइन एक्स्प्रेस’बद्दल विचारले. रेल्वेच्या डब्यांत शस्त्रक्रिया करणारी ती गाडी आमच्या पिढीला वर्तमानपत्रांतून माहीत आहे. त्या म्हणाल्या, की मोतीबिंदू काढला की काम पुरे होते. रक्तदाब एकदा मोजला तर काहीच पुरे होत नाही. म्हणून आपल्या गाडीला मोठे यंत्र नसले तरी चालेल, पण वार चुकवून चालणार नाही.

मंगळवार : देवलापारच्या पुढे

कन्हान नदी ओलांडून, मनसरला रामटेकचा फाटा उजवीकडे टाकून महामार्गाने सरळ उत्तरेकडे गेले की पेंचचे जंगल सुरू होते. पळस नुकताच फुलू लागला होता. वन्यप्राण्यांना खालून जाता यावे म्हणून काही ठिकाणी रस्ता खांबांवर उचललेला आहे, आणि आमचे चालकभाऊ दर वेळी तेथे वेग कमी करून खाली डोकावतात. आजवर त्यांना तेथे फक्त रानडुकरे दिसली आहेत. देवलापारच्या पुढे आत वळून आम्ही ज्या गावात गेलो, त्याचे नाव मी मुद्दाम देत नाही. गाव लहान आहे आणि तेथे ज्या आजाराबद्दल मी लिहिणार आहे, त्यावरून अजूनही मुलींची लग्ने मोडतात.

वस्ती बहुतांश गोंड. गाडी अंगणवाडीसमोर उभी राहायच्या आधीच आशाताईने सतरंजी अंथरून माणसे बसवली होती. मात्र पहिल्या तीन म्हाताऱ्यांनी तपासणीला ठाम नकार दिला. त्यांना सुई हवी होती. “डॉक्टरीन बाई, अंग लय दुखते जी, एक सुई मारून द्या न,” असे एक आजोबा पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यांना सुई मिळाली नाही, त्यांचा रक्तदाब मात्र मोजला गेला आणि तो १७८ भरला. दहा मिनिटे बसवून पुन्हा मोजला, तरी तो १७२ होता. आपल्याला काही त्रास नाही, तर रोज गोळी कशासाठी घ्यायची, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता आणि त्याचे उत्तर देण्यात डॉक्टरबाईंनी जेवढा वेळ घालवला, तेवढ्यात तीन रुग्ण तपासून झाले असते.

पण त्या दिवसाचे खरे काम सिकलसेलचे होते. या आजारात तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिन बदललेले असते. प्राणवायू कमी पडला की गोल पेशी विळ्यासारखी वाकते, ताठर होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. त्यातून असह्य वेदना होतात, पंडुरोग होतो, प्लीहा, हाडे, मूत्रपिंडे यांना इजा होते. दोष आईकडून आणि वडिलांकडून असा दोन्हीकडून आला तरच माणूस रुग्ण होतो. एकाच बाजूने आला तर तो वाहक राहतो आणि सहसा त्याला काहीच जाणवत नाही. उलट वाहकाला हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते, म्हणूनच मलेरियाच्या जुन्या प्रदेशांत हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला. विदर्भात तो आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या समाजांत विशेष आढळतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचे निर्मूलन असे उद्दिष्ट ठेवले आहे. मोठे आकडे वाचताना मला बँकेतील वार्षिक उद्दिष्टांची आठवण येते. पण येथे एका माणसामागे काय काय करावे लागते, हे मी प्रथमच पाहिले.

तंत्रज्ञाने बोटातून काढलेले थोडे रक्त औषधी द्रावणात टाकले आणि नळी काळ्या रेघांच्या कागदापुढे धरली. रेघा स्पष्ट दिसल्या तर रक्त निर्दोष; द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर दोष आहे. मात्र तो माणूस रुग्ण आहे की नुसता वाहक, हे ही नळी सांगू शकत नाही. त्यासाठी नमुना नागपूरला प्रयोगशाळेत पाठवावा लागतो आणि निकाल पुढच्या फेरीत द्यावा लागतो. म्हणजे गाडी पुन्हा आली नाही, तर या गावकऱ्यांच्या वाट्याला केवळ भीती उरते, माहिती उरत नाही. माझ्या मते तर एका फेरीत अशी अर्धी तपासणी करून निघून जाण्यापेक्षा न तपासणे बरे.

गेल्या महिन्याचे ३१ निकाल आम्ही बंद पाकिटांत आणले होते. डॉक्टरबाई ती एकेकट्याला मागच्या खोलीत बोलावून देत होत्या आणि आशाताई शेजारी बसून गोंडीत समजावत होती. मला त्या मुलीचे फार कौतुक वाटले. आईबाप दोघेही वाहक असतील तर चार मुलांतले एक आजारी निघण्याची शक्यता, असे सांगितले की लोक हमखास असे समजतात, की पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तिन्ही चांगली निघणार. हा गैरसमज काढण्यासाठी तिने फोडलेले दोन चिंचोके बाळगले होते. एक चिंचोका आईचा, एक बापाचा. तपकिरी बाजू चांगली, पांढरी बाजू दोषाची. ती जोडप्याच्या हातात चिंचोके देऊन त्यांनाच टाकायला लावत होती. दोन्ही पांढरे पडले तर मूल आजारी. “दर खेपेले नव्यानं टाकायचे. मागचं दान चिंचोक्याले आठवते का?” असे ती विचारी आणि समोरचे जोडपे हसून मान हलवी. यापेक्षा सोपे गणित मी शाळेतही शिकले नाही.

एक अकरा वर्षांचा मुलगा रुग्ण निघाला होता. दोन वर्षांपासून त्याचे गुडघे आणि हात सुजून दुखत होते आणि घरच्यांनी ते वाताचे दुखणे समजून लेप लावले होते. त्याला ग्रामीण रुग्णालयात नेऊन हायड्रॉक्सियुरिया हे औषध सुरू करायचे ठरले. डॉक्टरबाईंनी आणखी एक गोष्ट केली, जी मला कोणत्याही औषधाइतकी महत्त्वाची वाटली: त्यांनी त्याच्या मुख्याध्यापकांना पत्र लिहिले, की या मुलाला वर्गात केव्हाही पाणी पिऊ द्यावे, लघवीला जाऊ द्यावे आणि थंडीत व उन्हात धावायला लावू नये. अंगातील पाणी कमी झाले की पेशी वाकतात; आणि या मुलांच्या मूत्रपिंडांना लघवी दाट करता येत नसल्याने त्यांना वारंवार उठावे लागते. पत्र ऐकताना तो मुलगा पहिल्यांदा मान वर करून बघू लागला. या कारणासाठी त्याने वर्गात बराच मार खाल्ला होता, असे त्याच्या आईने नंतर सांगितले.

एका बापाने मात्र पाकिटातले मुलीच्या निकालाचे कार्ड हाती घेताच माझ्या टेबलापाशी येऊन हलक्या आवाजात विनंती केली, “पोरीचं कार्ड कोरं ठेवा न जी. पाहुणे येनार हायेत.” मी काही बोलण्याआधी आशाताईच पुढे आली आणि त्यांना बाजूला घेऊन गेली. ती काय बोलली ते कळले नाही. कार्ड मात्र त्यांनी परत दिले नाही, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवले.

३१ पैकी २८ पाकिटे दिली गेली. तीन जण गावात नव्हते, कामासाठी बाहेर गेले होते. त्यांपैकी एक नागपुरात बांधकामावर असल्याचे कळले. आशाताईने त्याचा फोन नंबर दिला आणि मी ती तीन पाकिटे वहीच्या मागच्या कप्प्यात ठेवली.

बुधवार : पाचगावची गिट्टी

उमरेड रस्त्यावर पाचगावच्या परिसरात दगडखाणी आणि क्रशर आहेत. पोहोचायलाच साडेदहा झाले, कारण वाटेत गाडीचे मागचे चाक पंक्चर झाले आणि जॅक गाडीत असूनही त्याचा दांडा नव्हता.

क्रशरजवळ झाडांची पाने पांढरी असतात. दगड फुटताना उडणाऱ्या धुळीतील सिलिकाचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसात खोलवर जातात आणि तेथे कायमचे व्रण करतात. त्याला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही आणि त्यात क्षयरोग सहज शिरतो. तोंडाला बांधलेल्या रुमालाने हे कण अडत नाहीत. दगडावर पाणी मारत राहिले तर धूळ बसते, एवढाच स्वस्त उपाय आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या सहा जणांना थुंकीच्या डब्या दिल्या.

या दिवशी मला एक बोलणेही खावे लागले. एका माणसाच्या व्यवसायाच्या रकान्यात मी ‘मजूर’ असे लिहिले होते. डॉक्टरबाईंनी ते खोडून त्या जागी ‘क्रशरवर दगड भरणे, १४ वर्षे’ असे लिहिले आणि म्हणाल्या, “काकू, ‘मजूर’ लिहिलं की मोठ्या दवाखान्यात याला फक्त खोकल्याचं औषध मिळेल. एक्स-रेतला डाग नुसता टीबीचा समजतील. धूळ कुठून आली हे कागदावर नसेल, तर ती कुणालाच दिसत नाही.” त्या दिवशी मी मागे जाऊन सगळ्यांना पुन्हा बोलावले आणि कोण कोठे, किती वर्षे काम करतो ते विचारून अकरा नोंदी दुरुस्त केल्या.

गुरुवार : काटोल

काटोलकडे मृग बहाराची संत्री तुटत होती. बागेच्या कडेला गाडी लावली आणि तोडणीवरच्या बायका आल्या. पहिल्याच बाईची साखर २८६ दाखवली गेली. ती घाबरून रडू लागली, तिच्या शेजारणी उपाय सुचवू लागल्या. तंत्रज्ञ शांतपणे म्हणाला, “मावशी, हात साबणानं धुऊन या.” धुऊन आल्यावर साखर १०४ आली. सकाळपासून संत्री सोलून खाल्लेल्या बोटावरचा रस रक्ताच्या थेंबात मिसळला होता. नंतर बादली आणि साबण पहिल्या पायरीवरच ठेवला. संत्र्यांची एक पिशवी आम्हाला मिळाली, तिचा हिशेब वहीत नाही.

शुक्रवार : भिवापूरचे सातरे

भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, हे नागपूरकर अभिमानाने सांगतात. ती मिरची बाजारात जाण्याआधी सातऱ्यावर, म्हणजे मोकळ्या मैदानातल्या लालभडक ढिगाऱ्यांपाशी, बायका दिवसभर बसून तिचे देठ खुडतात, हे मात्र फार कोणी सांगत नाही. गाडीतून उतरताच आम्ही पाचही जण शिंकू लागलो आणि बायका हसू लागल्या. काटोलचा धडा येथे वेगळ्या प्रकारे उपयोगी पडला. मिरचीच्या हाताला सुई टोचली तर बोट तासभर पेटते. म्हणून आधी तेल चोळून, मग साबणाने हात धुऊन, आणि शक्यतो करंगळीतून रक्त घेतले.

दुपारी तोंडाच्या तपासणीला सुरुवात झाली. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे, की सुपारी, तंबाखू आणि चुना एका पन्नीत घेऊन चोळला की जो तयार होतो तो खर्रा. आणि तो येथे पाहुण्याला चहासारखा विचारला जातो. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण खर्रा पानठेल्यावर समोर घोटून मिळतो. त्यातील तंबाखूच नव्हे, तर सुपारीदेखील कर्करोगाला कारण होते. सुपारीने गालाचे आतले अस्तर हळूहळू ताठ होते, तिखट सोसत नाही आणि तोंड उघडणे कमी होत जाते. आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, ही घरबसल्या करता येणारी परीक्षा आहे. सातऱ्यावरच्या चाळीसेक बायकांपैकी नऊ जणींची तीन बोटे जात नव्हती. त्यातली एक म्हणाली, “मिरचीत बसून बसून तोंडाची चव जाते न बाई, म्हनून खातो.” डॉक्टरबाईंनी तिला उपदेश केला नाही. तिच्या गालातला पांढरा चट्टा आरशात तिलाच दाखवला आणि दंतमहाविद्यालयाची चिठ्ठी दिली.

हे चालू असताना चालकभाऊ गाडीमागे उभे होते. गेले चार दिवस ते प्रत्येक गावात माणसे बोलावून आणत होते आणि स्वतः तपासणीच्या वेळी नेमके टायर बघायला जात होते. शेवटी सातऱ्यावरच्याच एका आजीने त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवले. त्यांची दोनच बोटे गेली. परतीच्या वाटेवर उमरेडपर्यंत गाडीत कोणी काही बोलले नाही.

गर्भाशयमुखाच्या तपासणीला त्या दिवशी फक्त सहा जणी तयार झाल्या. पातळ केलेले ॲसेटिक ॲसिड लावून मिनिटभराने पाहायचे, पांढरा डाग उमटला तर पुढे पाठवायचे, इतकीच ती साधी पद्धत आहे. पण पडद्याआड जाणे हीच त्यातली मोठी पायरी. मागच्या महिन्यात एक जण आली होती, या वेळी ती स्वतःच्या जावेला आणि नणंदेला घेऊन आली, असे डॉक्टरबाईंनी सांगितले. म्हणून सहा हा आकडा त्यांना कमी वाटत नव्हता.

शनिवार : शहरात, संध्याकाळी

शनिवारी गाडी नागपुरातच, नाल्याकाठच्या एका वस्तीत लागते आणि वेळ असते संध्याकाळी पाच ते नऊ. आठवडाभरात मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट ही वेळ आहे. येथील बायका सकाळी घरकामाला आणि पुरुष मजुरीच्या ठिय्यावर जातात. दिवसा लागलेल्या गाडीला फक्त म्हातारे आणि तान्ही मुले भेटतात. वास्तविक देवलापार आणि भिवापूरलाही अशीच वेळ हवी. पण रात्री जंगलाच्या रस्त्याने परतणे संस्थेला मान्य नाही आणि तेही समजण्यासारखे आहे.

येथे नव्या नावांपेक्षा जुनीच नावे जास्त होती, आणि ‘पुढील भेट’ हा रकाना मी पहिल्यांदाच भराभर भरू शकले. तरीही एका रिक्षाचालकाने सांगितले, की बीपी नॉर्मल आला म्हणून त्याने दोन आठवडे गोळी बंद केली होती. गोळीमुळेच तो नॉर्मल आला होता, हे त्याला चौथ्यांदा सांगितले गेले, असे वहीवरून दिसते.

मंगळवारपासून मी त्या तीन पाकिटांतल्या बांधकामावरच्या मुलाला फोन लावत होते. तीन दिवस तो बंद होता. शुक्रवारी रात्री लागला आणि त्याची साइट वर्धा रोडवर असल्याचे समजले. साडेआठच्या सुमारास ताडपत्री सोडायला घेतली असता तो सायकलवरून आला, अंगावर सिमेंट तसेच होते. डॉक्टरबाईंनी त्याला आत नेऊन पाकीट दिले. तो वाहक होता. त्याला औषधाची गरज नाही, हे ऐकून तो निघालाच होता, तेवढ्यात त्यांनी विचारले, “लग्न झालंय?”

“हाव जी. बायको माहेरी आहे. तिसरा महिना चालू आहे.”

माहेर सिवनी जिल्ह्यात होते. म्हणजे देवलापारच्याच रस्त्याने पुढे, पण राज्याच्या सीमेपलीकडे. आमची गाडी तेथे जात नाही आणि आमच्या वहीचा तेथे उपयोग नाही. तिची तपासणी उशिरा झाली तर पुढचे निर्णय हातात राहत नाहीत, म्हणून ती याच आठवड्यात व्हायला हवी होती. डॉक्टरबाईंनी सोमवारच्या अनुभवाला स्मरूनच बहुधा, चिठ्ठी हिंदीत लिहिली, तिच्यावर तपासणीचे नाव मोठ्या अक्षरांत घातले आणि त्याच्याकडून सासूबाईंचा फोन नंबर घेतला. मी तो शेऱ्यात लिहिला. पुढील भेटीच्या रकान्यात काय लिहावे, हे मला सुचेना. तो म्हणाला, “सोमवारी मी सोताच तिकडे जातो, मंगळवारी फोन करतो तुम्हाले.” तेव्हा मी तेथे मंगळवारची तारीख लिहिली आणि पुढे ‘फोन’ असे लिहिले.

त्याने चिठ्ठी मोबाईलच्या कव्हरमध्ये घडी करून ठेवली आणि चहा न घेता गेला. चालकभाऊंनी ताडपत्री गुंडाळली. मी उरलेली दोन पाकिटे मोजून पुन्हा कप्प्यात ठेवली आणि वही मैत्रिणीकडे परत न देता घरी घेऊन आले, कारण मंगळवारचा फोन माझ्या नंबरवर यायचा होता.